‘लँग साइन’ म्हणजे जुने दिवस की मधला काळ?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा खडकवासल्याच्या एनडीएतून या टर्मला बाहेर पडतोय आणि तुम्ही दोघं संचलन बघायला जाणार आहात. शेवटी कॅडेट संथ पावलांनी क्वार्टर डेकवरून निघून जातात, तेव्हा बँडवर ‘ऑल्ड लँग साइन’ हे निरोपाचं जुनं स्कॉटिश गाणं वाजतं. हे तीन शब्द मराठीत करून तुम्हाला त्याच्या स्क्वाड्रनच्या फोटोखाली कोरून घ्यायचे आहेत. फोनने ‘जुने लांब पासून’ असं भाषांतर दिलं. मेहुण्यांनी ‘सोनेरी भूतकाळ’ सुचवलं. आणखी कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं, की याचा खरा अर्थ ‘मधला काळ’. आता यातलं बरोबर कोणतं आणि कोरायचं काय, हे तुम्ही विचारताय.

गंमत अशी, की या तिघांत फोनचं उत्तर सगळ्यात ओबडधोबड आहे आणि मूळ शब्दांच्या सगळ्यात जवळही तेच आहे. मेहुण्यांच्या उत्तरात भाव आहे, पण ‘सोनेरी’ कुठून आलं कोण जाणे. मधला काळ म्हणणारा अर्धा बरोबर आहे, आणि त्याचा तो अर्धाच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमची खरी अडचण अर्थाची नाहीच. या शब्दांत एक काळ आहे आणि त्या काळापासूनचं अंतरही आहे. मराठीत उतरवताना दोन्ही एका मुठीत कसे धरायचे, ही अडचण आहे. फ्रेमवर कोरायचं, गाऊन दाखवायचं की भाषणात अर्थ सांगायचा, यावर उत्तर बदलेल. त्याकडे शेवटी येते.

आधी मला हे शब्द पहिल्यांदा नीट कसे कळले ते सांगते. मी गेली २४ वर्षं भाषांतराचं काम करते. त्यातली दोन वर्षं नवऱ्याच्या नोकरीमुळे स्कॉटलंडच्या ईशान्येला, ॲबरडीनजवळच्या एका गावात काढली. आमच्या घराच्या कोपऱ्यावर एक बंद दुकान होतं. पाटीवरची अक्षरं उडालेली, काचेतून आतले रिकामे ट्रे दिसायचे, म्हणून बेकरी असावी असा माझा अंदाज. एकदा घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात बसले असताना विचारलं, ही बेकरी उघडते कधी? ती सिंकपाशी उभी राहून बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “ना, ना. इट शट लँग साइन.”

मी जागच्या जागी थबकले. माझ्या डोळ्यांसमोर या शब्दांना चिकटलेली ३१ डिसेंबरची रात्र, हातात हात गुंफलेली माणसं, डोळ्यांत पाणी. आणि हिच्या हातात बटाटा. तिच्या लेखी ‘लँग साइन’ म्हणजे आपण म्हणतो ना, “ती बंद होऊन जमाना झाला”, बस्स तेवढंच. तोपर्यंत मी हे शब्द गाण्यातून खाली उतरवून कधी बघितलेच नव्हते.

आता एकेक शब्द घेऊ. भाषा स्कॉट्स आहे, म्हणजे इंग्रजीची सख्खी बहीण. तिला इंग्रजीचा गावरान उच्चार समजू नका आणि गेलिकशी तर मुळीच घोळ घालू नका, ते वेगळंच कुळ आहे. ‘ऑल्ड’ म्हणजे जुना, ‘लँग’ म्हणजे लांब, दीर्घ. इथवर सोपं. सगळी करामत ‘साइन’मध्ये आहे.

जुन्या इंग्रजीत ‘सिथ्थन’ असा शब्द होता. त्याचे दोन तुकडे: ‘सिथ’ म्हणजे उशिरा, नंतर, आणि ‘थन’ म्हणजे त्याच्या. ‘त्याच्यानंतर’. जर्मन शिकलेल्यांना ‘झाइटडेम’ आठवेल, त्याची बांधणी अगदी हीच. आपलं ‘तेव्हापासून’ही तसंच, तेव्हा अधिक पासून. फरक एवढाच की त्यांनी मोजायला ‘उशीर’ वापरला आणि आपण ‘पास’, म्हणजे पार्श्व, बाजू. त्या ‘सिथ्थन’चं दक्षिणेत ‘सिदेन’, ‘सिदेन्स’ होत आजचं इंग्रजी ‘सिन्स’ झालं. उत्तरेत तेच झिजून एकीकडे ‘सिन’ आणि दुसरीकडे ‘साइन’ झालं. तेव्हा तुमच्या फोनने ‘पासून’ म्हटलं ते उगाच नाही.

पण ‘साइन’ एका जागी थांबला नाही. जॉन बार्बर नावाच्या ॲबरडीनच्या धर्माधिकाऱ्याने १३७५च्या सुमारास राजा रॉबर्ट द ब्रूसवर एक दीर्घकाव्य लिहिलं. स्कॉट्समधलं पहिलं मोठं काव्य तेच. त्यात ‘साइन’ पानोपानी येतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ साधा ‘मग’ असा आहे. सैन्य निघालं, मग नदी ओलांडली, मग तळ टाकला. दुसरीकडे ‘थ्री इयर साइन’ म्हणजे तीन वर्षांपूर्वी. एकाच शब्दाचं तोंड कधी पुढे, कधी मागे. इंग्रजी माणसाला हे विचित्र वाटतं, मराठी माणसाला वाटू नये. ‘मग जेवलो’ आणि ‘मगाशी जेवलो’ ही जोडी आपण दिवसातून वीस वेळा वापरतो, आणि एकात वेळ पुढे सरकते, दुसऱ्यात मागे. ‘सून ऑर साइन’ असाही एक प्रयोग आहे. लवकर म्हणा नाहीतर नंतर म्हणा, म्हणजे आपलं ‘आज ना उद्या’. त्यात मूळचा ‘उशीर’ अजून जिवंत दिसतो.

‘थ्री इयर साइन’वर जरा थांबू. ‘तीन वर्षांपूर्वी’ हे भाषांतर चूक नाही, पण बोलताना आपण तसं म्हणतो का? आपण म्हणतो, “त्याला तीन वर्षं झाली.” म्हणजे घटना कधी घडली हे थेट न सांगता, ती घडल्यापासून किती काळ लोटला ते सांगतो. ‘साइन’ हेच करतो. आपण गावाचं अंतर विचारलं तर लोक किलोमीटर सांगत नाहीत, ‘अर्ध्या तासावर आहे’ म्हणतात. जागा सांगायला वेळ वापरतात. इथे उलटं, वेळेची जागा सांगायला मधलं अंतर वापरलंय. ‘लँग साइन’ म्हणजे ‘लांब अंतरावरचं तेव्हा’. मधला काळ म्हणणाऱ्याचा अर्धा बरोबर तो हा.

अर्धा चूक कुठे, तेही सांगून टाकते. ‘मधला काळ’ म्हटलं की ‘दरम्यान’, ‘तोवर’, ‘मधल्या वेळात’ असा अर्थ डोक्यात येतो, आणि तो या शब्दांचा अर्थ नव्हे. त्यासाठी स्कॉट्समध्ये वेगळा, फार गोड प्रयोग आहे, ‘अट्वीन हँड्स’. शब्दशः दोन हातांच्या मध्ये, म्हणजे एक काम हातावेगळं झालं आणि दुसरं हाती घ्यायचंय, त्या मधल्या फटीत. हे ‘अट्वीन हँड्स’ मराठीत आणायची संधी मला अजून मिळालेली नाही, वाट बघतेय. उलट मधल्या काळाला संपूर्ण वाहिलेला शब्द म्हणजे ‘सिनसाइन’. एकाच आईची दोन लेकरं, ‘सिन’ आणि ‘साइन’, पुन्हा जोडून केलेला. अर्थ ‘तेव्हापासून आजतागायत’. व्युत्पत्ती बघत बसलं तर ‘तेव्हापासूनपासून’ होतं, पण भाषा असल्या गोष्टींना भीक घालत नाही. आपणही ‘लेडीज बायकांचा डबा’ म्हणतोच.

जाता जाता एक इशारा. स्कॉट्स कोश उघडलात तर ‘साइन’चा आणखी एक अर्थ दिसेल, पाण्याने विसळणे. तो वेगळा शब्द, मूळचा ‘साइंड’. दोघांचं लेखन कधीकधी सारखं होतं. मी नवखी असताना एका जुन्या पत्रातल्या वाक्याचं भाषांतर ‘मग भांडी’ असं करून ठेवलं होतं. भांडी विसळायची होती.

आता इतिहास. गाण्याच्या कर्त्याबद्दल तुम्हाला कुणी ‘रॉबर्ट बर्न्सने लिहिलं’ एवढं सांगून थांबलं, तर तक्रार बर्न्सच करेल, कारण हे गाणं आपलं नाही असं तो स्कॉटिश कवी स्वतःच म्हणत होता. वाक्प्रचाराचा प्रवास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

१५६८ साली एडिंबरामध्ये प्लेगची साथ होती. जॉर्ज बॅनटाइन नावाच्या व्यापाऱ्याने घरात अडकून पडल्यावर तोवरची स्कॉट्स कविता हाताने उतरवून काढली. त्या हस्तलिखितात एक कविता आहे, तिचा विषय ‘जुना स्नेह लोक विसरले’. माणसाकडे होतं तोवर सगळे मित्र, हात रिकामा झाला की ओळख विसरली. तिच्यात ‘लँग साइन’ नाही, पण ‘जुनी ओळख विसरायची का?’ ही कळ तिथे आहे. माझ्या मते गाण्याचं बी ते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस आपला वाक्प्रचार एका सुट्या छापील पानावर गाण्याचं नाव म्हणून भेटतो. हीच रचना पुढे १७११मध्ये जेम्स वॉटसनने आपल्या संग्रहात घेतली. कुणी ती सर रॉबर्ट एटनची म्हणतं, कुणी फ्रान्सिस सेम्पिलची. गाणं आहे प्रेमभंगाचं. जुनी ओळख विसरून जायची का, प्रेमाची ज्योत विझलीच का, असं प्रियकर ‘ओल्ड लाँग साइन’ची आठवण देत विचारतो. अक्षरं नीट बघा, ‘ऑल्ड’ जाऊन ‘ओल्ड’ आलंय आणि ‘लँग’ जाऊन ‘लाँग’. १६०३मध्ये स्कॉटलंडचा राजा लंडनच्या गादीवर जाऊन बसला, दरबार गेला, आणि एडिंबराचे छापखानेही हळूहळू इंग्रजी वळणाने अक्षरं जुळवू लागले. दोन शब्दांना कोट-टोपी चढली. तिसऱ्याला चढवता आली नाही, कारण ‘सिन्स’ केलं असतं तर वाक्यच कोसळलं असतं. धोतरावर कोट घालून कचेरीत गेलेल्या आपल्या पणजोबांच्या फोटोत दिसतं ना, तसं ते नाव दिसतं.

या गाण्यात व्याकरणाची एक मोठी गोष्ट घडलेली आहे. ‘लँग साइन’ मुळात क्रियाविशेषण. बेकरी बंद झाली, कधी? लँग साइन. पण इथे त्याच्यामागे ‘जुनं’ हे विशेषण लावलंय आणि त्याच्यावर विचार करायला सांगितलंय. म्हणजे शब्दाचं नाम झालं. आपण ‘उद्या’ला ‘उद्याची चिंता’, ‘काल’ला ‘कालचं काय घेऊन बसलास’ म्हणतो, तसं. ॲलन रॅमसीने १७२० साली याच पहिल्या ओळीवरून वेगळं गाणं रचलं. लढाईवरून जखमांचे व्रण घेऊन परत आलेला सैनिक आणि त्याचं स्वागत करणारी प्रेयसी. त्यात ती म्हणते, मला पुन्हा तशीच सुखी कर, जशी मी ‘लँग साइन’ होते. इथे तो शब्द परत साधं क्रियाविशेषण. म्हणजे दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदत होती. माझ्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात त्यातलं दुसरं रूप अजून नांदतंय.

मग येतो बर्न्स. जन्म १७५९, एअरशरमधलं ॲलोवे. डिसेंबर १७८८मध्ये तो मिसेस डनलॉप या आपल्या ज्येष्ठ मैत्रिणीला पत्र लिहितो. या बाईंना एक जुनी शाळासोबतीण भेटली होती आणि त्या भेटीचं वर्णन त्यांनी त्याला कळवलं होतं. त्यावर बर्न्स लिहितो, की हा ‘ऑल्ड लँग साइन’ वाक्प्रचार किती बोलका आहे, नाही? एक जुनं गाणं आणि चाल आहे, ती ऐकून जीव कितीदा थरारला. आणि खाली गाणं उतरवून देतो, ज्याने रचलं त्या अनाम कवीला दुवा देऊन. पाच वर्षांनी, १७९३मध्ये, जॉर्ज थॉमसन या संपादकाला तो सांगतो, की हे एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून मी लिहून घेतलं, याआधी ते कुठे छापलेलं नाही.

आता यात त्याचं किती आणि म्हाताऱ्याचं किती? अभ्यासक यावर भांडत असतात. माझं मत विचाराल तर पहिलं कडवं आणि ध्रुवपद पारंपरिक, आणि टेकडीवरच्या फुलांची नि ओढ्याची दोन कडवी त्याची. तिथे हात वेगळा लागलेला कळतो. छापलं गेलं ते जेम्स जॉन्सनच्या ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’च्या पाचव्या खंडात, १७९६मध्ये. त्याच वर्षी जुलैत बर्न्स वारला होता, वय ३७. तिथली चाल मात्र तुम्ही खडकवासल्याला ऐकाल ती नव्हे. ती थॉमसनने १७९९मध्ये जोडली, आणि तीच टिकली. जॉन्सनच्या छापील पानावर ‘स्नेहाचा प्याला’ या शब्दांपाशी एक तळटीप आहे, ‘काही लोक प्यालाऐवजी चुंबन गातात’. एवढ्या गंभीर गाण्याला ही तळटीप मला फार आवडते.

ती दोन कडवी तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहेत, म्हणून जरा जवळून बघू. एकात म्हटलंय, आपण दोघं टेकड्यांवरून धावलो, रानातली पांढरी फुलं खुडली, पण ‘सिन ऑल्ड लँग साइन’ थकलेल्या पायांनी फार भटकलो. दुसऱ्यात म्हटलंय, सकाळच्या उन्हापासून दुपारच्या जेवणापर्यंत ओढ्यात डुंबलो, पण ‘सिन ऑल्ड लँग साइन’ आपल्यामध्ये अफाट समुद्र गर्जत राहिले. प्रत्येक कडव्याचा पूर्वार्ध ‘तेव्हा’ आहे, उत्तरार्ध ‘तेव्हापासून’. ओढा घोट्याएवढा, आणि मध्ये आलं ते समुद्राएवढं. त्या वेळी स्कॉटलंडची माणसं खरोखरच जहाजांत बसून अमेरिकेला, वेस्ट इंडीजला निघाली होती. बर्न्स स्वतः १७८६मध्ये जमैकाला जाण्याच्या बेतात होता, कवितासंग्रह खपला म्हणून राहिला. समुद्र त्याच्यासाठी नुसता अलंकार नव्हता.

आणि इथे शब्दाचा शेवटचा पलटा बघा. ‘साइन’मध्ये ‘पासून’ आधीच आहे. तरी बर्न्स पुढे आणखी ‘सिन’ लावतो, आणखी एक ‘पासून’. म्हणजे त्याच्या कानाला ‘ऑल्ड लँग साइन’ आता एक ठिकाण झालं होतं, जिथून पुढे मोजायचं. आधी अंतराचं नाव होतं, मग ते अंतराच्या टोकाचं नाव झालं. ध्रुवपदात तर तो ‘फॉर ऑल्ड लँग साइन’ म्हणतो, त्याच्याखातर एक प्याला घेऊ. तिथे तो वाक्प्रचार जवळजवळ माणूस झालाय, ज्याचा मान राखायचा. (बरेच जण ‘फॉर द सेक ऑफ’ असं गातात. ते बर्न्सच्या शब्दांत नाही, मागाहून घुसलेलं आहे.)

मराठीत असं होत नाही असं वाटत असेल तर ‘मध्यंतरी’ हा शब्द घ्या. खरा अर्थ दोन गोष्टींच्या मधल्या अंतरात. पण आपण म्हणतो, “मध्यंतरी तो भेटला होता.” कशाच्या मध्ये? कशाच्याच नाही. अर्थ झाला ‘काही दिवसांपूर्वी’. मधल्या काळाचा शब्द घरंगळत भूतकाळात गेला. आणि नाटकवाल्यांनी त्याचंच नाम करून ‘मध्यंतर’ केलं, जिथे बटाटेवडा मिळतो.

पुढचा जगप्रवास थोडक्यात, कारण तो सगळीकडे वाचायला मिळतो. जपानमध्ये १८८१मध्ये या चालीवर काजव्यांच्या उजेडात अभ्यास करणाऱ्यांचं गाणं झालं. ते शाळेच्या निरोपाला गातात आणि दुकान बंद होताना वाजवतात. टागोरांनी तरुणपणी विलायतेहून परतल्यावर याच चालीच्या आधारे ‘पुरानो शेई दिनेर कोथा’ लिहिलं. नववर्षाच्या रात्रीशी हे गाणं जगभर बांधलं गेलं ते मुख्यतः १९२९पासून न्यूयॉर्कहून रेडिओवर वाजणाऱ्या गाय लोम्बार्डोच्या बँडमुळे, पण स्कॉटलंडात हॉगमनेच्या, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या रात्री ते आधीपासून होतंच. ब्रिटिश पलटणींबरोबर ते आपल्या लष्करी बँडांत आलं आणि राहिलं. पेटीवर वाजवून बघा, बहुतेक भूपाचेच पाच सूर लागतील. मला वाटतं म्हणूनच आपल्या कानाला ते कधी परकं वाटलं नाही.

टागोरांकडे भाषांतरकार म्हणून जरा वेगळ्या नजरेने बघते. त्यांनी ‘त्या जुन्या दिवसांची गोष्ट’ असं केलं. सुंदर आहे, गळ्यावर बसतं. पण त्यात ‘दिवस’ आले आणि ‘पासून’ गेलं. मेहुण्यांचं ‘सोनेरी भूतकाळ’ही त्याच वाटेने गेलंय, फक्त वर मुलामा चढवून. मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी एका स्नेहसंमेलनाच्या स्मरणिकेसाठी ‘ते मंतरलेले दिवस’ असं करून दिलं होतं. लोकांनी वाखाणलं. आज तो कागद समोर आला तर मी दुसरीकडे बघते.

मग कोरायचं काय? म्हटलं तसं, कशासाठी हवंय यावर आहे.

गायचं असेल तर अर्थाचा हट्ट सोडा. ओळीच्या शेवटी तीन जड अक्षरं आहेत, ऑल्ड, लँग, साइन. ‘तेव्हापासून’ तिथे कोंबलं तर बँडवाले रागावतील. ‘त्या जुन्या दिसां’ असलं काहीतरी चालवून घ्या, नाहीतर मूळच गा.

भाषणात समजावून सांगायचं असेल तर माझ्या घरमालकिणीची बेकरी सांगा. “जमाना झाला त्याला” हे बोलीतलं सगळ्यात जवळचं मराठी. ‘जमाना’ला नेमकी तीच दुहेरी सवय आहे. ‘तो जमाना’ म्हटलं की काळाचं नाव होतं, आणि ‘जमाना झाला’ म्हटलं की मधलं अंतर होतं. संस्कृतात ‘युग’ आहे, पण “युगं लोटली” म्हणताना आवाज आपोआप चढतो, आणि मूळ शब्दाचा आवाज बटाटे सोलण्याइतका खालचा आहे. ‘जमाना’ फारसीतून आला म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. ‘पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं’ हेही अनेक जण सुचवतील, पण ते इंग्रजीतूनच उचललेलं आहे. त्यापेक्षा आपले ‘मध्ये किती पावसाळे गेले’ बरे. बर्न्सच्या समुद्राला ते शोभतात.

आणि फोटोखाली कोरायचं असेल, जसं तुम्हाला हवंय, तर दोन पर्याय देते. सरळ, कुणीही वाचून समजेल असा: ‘तेव्हापासून आजवर’. यात तीन शब्दांचा हिशोब जवळपास चुकता होतो. दुसरा, आणि मी असते तर हाच घेतला असता: ‘जमाना झाला तरी’. वाक्य अर्धं सोडलंय, मुद्दाम. गाण्याची पहिली ओळही प्रश्नच आहे, जुनी ओळख विसरायची का? त्याचं उत्तर या तीन शब्दांत येतं आणि पुढचं वाचणाऱ्याने आपल्या मनात म्हणायचं.

तुम्ही म्हणाल, पोरांची तर तीनच वर्षं झाली, जमाना कुठला? खरंय. पण फ्रेम काही उद्यासाठी करत नाही आपण. त्या फोटोतली काही मुलं डेहराडूनच्या लष्करी अकादमीत जातील, काही एळिमलाच्या नौदल अकादमीत, काही दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत. वीस वर्षांनी त्यातलं कुणी तुमच्या बैठकीत येऊन फोटोसमोर उभं राहील आणि बोटाने नावं मोजायला लागेल. ओळ त्याच्यासाठी आहे. आज ती थोडी मोठ्या मापाची वाटेल, दिवाळीत मुलाला वाढत्या अंगाचा सदरा घेतो तशी.

मूळ शब्दही बाजूला बारीक अक्षरात हवे असतील तर देवनागरीत ‘ऑल्ड लँग साइन’ असेच लिहा. उच्चारात ‘स’ आहे, कितीतरी इंग्रजी गायक ‘झ’ म्हणतात, त्यांच्या मागे जाऊ नका. आणि कोरून देणाऱ्याला कच्चं प्रूफ दाखवल्याशिवाय हात लावू देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका फ्रेमवर ‘ऑल्ड लाँग शाइन’ कोरलेलं आहे, पितळेवर, आणि ते घरातल्या कुणाच्याही लक्षात आलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.